बाबांचा फेडरर, मुलीचा जोकोविच

सांगलीहून एका वाचकाने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“मी २००३ सालापासून रॉजर फेडररचा चाहता आहे. माझी चौदा वर्षांची मुलगी इथल्या क्लबात टेनिस शिकते आणि ती नोव्हाक जोकोविचला मानते. सुरुवातीला ही गंमत होती, पुढे वाद होऊ लागले. माझे म्हणणे असे, की फेडररचा खेळ ही कला आहे आणि जोकोविच म्हणजे चेंडू परत करणारी भिंत. शिवाय तो रॅकेट आपटतो, प्रेक्षकांशी हुज्जत घालतो. ती म्हणते, ‘बाबा, आकडे बघा.’ २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य सामन्यात जोकोविचने पहिला सेट गमावून दुखापतीमुळे सामना सोडला, तेव्हा मी टाळी वाजवली आणि ‘नाटक संपले’ असे म्हणालो. ती उठून आत गेली. तेव्हापासून आम्ही एकही सामना एकत्र पाहिलेला नाही. आता तिच्या प्रशिक्षकांनी तिला एकहाती बॅकहँड (रॅकेटच्या हाताच्या विरुद्ध बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका) सोडून दुहाती घ्यायला सांगितले आहे. तो एकहाती फटका मी तिला हौसेने शिकवला होता, आणि ती तो आनंदाने सोडायला निघाली आहे. आज तिने खेळ त्याचा घेतला, उद्या स्वभावही त्याचाच घेईल, असे मला वाटते. माझे काही चुकते आहे का? आणि श्रेष्ठ कोण, हे तुम्ही तरी सांगा. ता. क. माझी आई राफेल नदालच्या बाजूची आहे. ती विचारते, हा मुलगा सही उजव्या हाताने करतो, मग खेळतो डाव्या हाताने, हे कसे?”

नमस्कार.

तुमच्या पत्रात टेनिसविषयी पुष्कळ काही आहे, पण तुमच्या मुलीला खरोखर लागलेली गोष्ट एकच आहे आणि ती म्हणजे ती टाळी. म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. त्या दिवशी मेलबर्नच्या स्टेडियममधल्या काही प्रेक्षकांनीही जोकोविचची हुर्यो उडवली होती. त्याच्या माघारीमुळे ज्याला अंतिम फेरी मिळाली, त्या अलेक्झांडर झ्वेरेवने बोलायची संधी मिळताच प्रेक्षकांना विनंती केली, की दुखापतीमुळे कोर्ट सोडणाऱ्या खेळाडूची अशी हेटाळणी करू नका. याच स्पर्धेत पोटाचा स्नायू फाटलेला असताना आणि मांडीचा स्नायू दुखावलेला असताना हा माणूस जिंकलेला आहे, याची आठवणही त्याने करून दिली. ती विजेतेपदे २०२१ आणि २०२३ ची होती. समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला जे कळले ते तुमच्या मुलीलाही कळले होते, आणि तुम्हाला त्या क्षणी कळले नाही. तेव्हा या बाबतीत तुमचे चुकले, असे मी स्पष्टच लिहिते. तिची माफी मागा, आणि ती मागताना फेडररचे नाव मध्ये आणू नका किंवा ‘पण तो सुद्धा’ अशी पुस्ती जोडू नका.

याबाबत मी इतकी आग्रही का आहे, तेही सांगते. ३० एप्रिल १९९३ रोजी जर्मनीतल्या हॅम्बर्ग येथे सामन्याच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसलेल्या मोनिका सेलेसच्या पाठीत एका प्रेक्षकाने सुरा खुपसला. सेलेस तेव्हा एकोणीस वर्षांची होती, जागतिक क्रमवारीत अव्वल होती आणि तिच्या नावावर आठ ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, विजेतेपदे होती. हल्लेखोर स्टेफी ग्राफचा चाहता होता आणि ग्राफने पुन्हा पहिल्या स्थानावर यावे एवढाच त्याचा हेतू होता. ग्राफचा त्यात काडीचाही दोष नव्हता. सेलेस दोन वर्षांहून अधिक काळ खेळापासून दूर राहिली आणि परतल्यावर तिला आणखी एकच ग्रँड स्लॅम जिंकता आले. तुमची टाळी आणि तो सुरा यांची मी तुलना करत नाही, तशी ती होऊच शकत नाही. परंतु आपल्या आवडत्या खेळाडूने जिंकावे ही इच्छा वेगळी आणि दुसऱ्याचे शरीर निकामी व्हावे ही इच्छा वेगळी, आणि या दोहोंमधली रेघ मोठ्या माणसांनी मुलांसमोर तरी कधीही ओलांडू नये, असे मला मनापासून वाटते.

आता श्रेष्ठ कोण, या प्रश्नाकडे येते. ‘प्रत्येक जण आपापल्या जागी श्रेष्ठ’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तुमची मुलगी अशा उत्तराने फसणार नाही. जोकोविचची एकेरीतील ग्रँड स्लॅम विजेतेपदे २४ आहेत, नदालची २२ आणि फेडररची २०. जोकोविच ४२८ आठवडे जागतिक क्रमवारीत पहिला होता, फेडरर ३१०. परस्परांतील सामन्यांत जोकोविच फेडररविरुद्ध २७-२३ असा आणि नदालविरुद्ध ३१-२९ असा पुढे आहे. विम्बल्डनच्या ज्या हिरवळीवर फेडररने आठ वेळा विजेतेपद मिळवले, तिथे २०१४, २०१५ आणि २०१९ या तिन्ही अंतिम सामन्यांत जोकोविचने त्याला हरवले. कर्तृत्वाचे मोजमाप करायचे असेल तर तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, आणि तुम्ही ते एकदा मोकळेपणाने मान्य करावे. मान्य केल्याने फेडररचे काहीही कमी होत नाही.

मात्र कोणाचा खेळ पाहताना मन भरून येते हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही, आणि तो तिने तुम्हाला आकडे दाखवून सोडवू नये. १४ जुलै २०१९ रोजी झालेला विम्बल्डनचा अंतिम सामना तुम्हा दोघांनाही पाठ असेल. चार तास सत्तावन्न मिनिटे चाललेल्या त्या सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले आणि जोकोविचने २०४. फेडररचे विजयी फटके ९४ होते, जोकोविचचे ५४. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी असताना, स्वतःच्या सर्व्हिसवर, एक गुण घेताच विजेतेपद मिळावे अशा दोन संधी फेडररला होत्या. तरीही ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा तो सामना जोकोविचने जिंकला, कारण बरोबरीतले सेट निकाली काढणारे तिन्ही टायब्रेकर त्याने घेतले. म्हणजे त्या दिवसाच्या आकड्यांपैकी बहुतेक आकडे तुमच्या बाजूचे आहेत, आणि जी गोष्ट आकड्यांत पकडता येत नाही, नेमक्या वेळी न डगमगण्याची, ती तिच्या बाजूची आहे. या सामन्यावर तुम्ही दोघे शांतपणे बोलाल तर कदाचित तुमच्या लक्षात येईल, की ‘कला विरुद्ध आकडे’ अशी तुम्ही केलेली वाटणीच मुळात चुकीची आहे.

‘भिंत’ हा शब्दही मला पटत नाही. सर्व्हिस परतवणे हा जोकोविचच्या हाती बचाव राहिलेला नाही, तो आक्रमणाचा पहिला फटका झाला आहे. २०११ च्या अमेरिकन ओपनच्या उपांत्य सामन्यात पहिले दोन सेट गमावलेला जोकोविच पाचव्या सेटमध्ये ३-५ ने मागे होता आणि फेडररकडे सामना जिंकण्याचे दोन गुण होते. त्यातल्या पहिल्या गुणावर फेडररच्या सर्व्हिसवर त्याने फोरहँडचा (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा) असा सणसणीत तिरका फटका मारला, की फेडररला जागचे हलताही आले नाही, आणि पुढे तो सामना त्याने जिंकला. चेंडू नुसता परत करणारा खेळाडू त्या क्षणी तो फटका मारणार नाही. पाय पूर्ण ताणलेले, शरीर बाजूला घसरत चाललेले, आणि तशा अवस्थेत बॅकहँडचा चेंडू बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ, खोल टाकायचा, हे तुमच्या मुलीला सुंदर वाटते. मलाही वाटते. सौंदर्य केवळ मोकळ्या, वाहत्या हालचालीत असते असे नाही; ताणाखाली टिकून राहिलेल्या तोलातही ते असते.

दुसऱ्या बाजूने, फेडररचा खेळ सहज होता असे जे आपण सगळे म्हणतो, ते स्वतः फेडररला मान्य नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ येथे पदवीदान समारंभात बोलताना त्याने सांगितले, की ‘सहज’ ही एक दंतकथा आहे आणि ते सोपे दिसावे यासाठी आपल्याला फार कष्ट घ्यावे लागले. एकेरीच्या १,५२६ सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के सामने त्याने जिंकले, पण त्यांत जिंकलेल्या गुणांचे प्रमाण अवघे ५४ टक्के होते, हेही त्याने तिथेच सांगितले. हे भाषण मुलीला जरूर ऐकवा. फेडररची थोरवी पटवण्यासाठी नाही. खेळणाऱ्या मुलीला तो हिशेब उपयोगी पडेल म्हणून.

शैली कुठून येते, याचाही थोडा विचार करायला हवा, कारण चाहत्यांच्या भांडणात नेहमी असे गृहीत धरले जाते, की खेळाडूने आपला खेळ निवडला आणि म्हणून तो खेळ म्हणजेच त्याचा स्वभाव. प्रत्यक्षात शैली घडवण्यात मैदान, साधने आणि काळ यांचा वाटा फार मोठा असतो. विम्बल्डनने २००१ पासून संपूर्णपणे राय जातीचे गवत लावले. त्यामुळे जमीन अधिक टणक राहू लागली, चेंडू अधिक उंच उसळू लागला आणि सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणाऱ्यांचे राज्य संपत आले. त्याच सुमारास पॉलिएस्टरच्या तारा सर्रास वापरात आल्या आणि पूर्ण ताकदीने मारलेला चेंडूही जबर टॉपस्पिनमुळे (चेंडूला दिलेल्या पुढच्या दिशेच्या फिरकीमुळे) कोर्टाच्या आत पडू लागला. फेडरर या बदलाच्या उंबरठ्यावर उभा होता. २००१ मध्ये आधीच्या पिढीतला विजेता पीट सॅम्प्रास याला विम्बल्डनमध्ये पाच सेटमध्ये हरवताना तो सर्व्हिसमागून नेटकडे धावत होता, आणि पुढे त्यालाही बेसलाइनवर स्थिरावावे लागले. जोकोविच त्याच्याहून जवळजवळ सहा वर्षांनी लहान आहे. तो वयात आला तेव्हा खेळ बेसलाइनवर येऊन ठेपला होता आणि तिथे टिकणाऱ्याचाच निभाव लागणार होता. दोघांची अदलाबदल केली असती तर दोघांचेही खेळ वेगळे दिसले असते.

जोकोविचचे वळण समजायला त्याचे बालपणही पाहावे लागते. बेलग्रेडमध्ये १९९९ साली नाटोचे बाँबहल्ले चालू होते तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता आणि त्या काळातही त्याचा सराव चालू राहिला. त्या शहरातल्या मुलांनी पाणी काढलेल्या पोहण्याच्या तलावातही टेनिसचा सराव केला आहे. पुढे तो मोठ्या मैदानांवर आला तेव्हा प्रेक्षकांनी आपापली मने आधीच फेडरर आणि नदाल यांना देऊन टाकली होती. २००५ च्या फ्रेंच ओपनपासून २००७ च्या अमेरिकन ओपनपर्यंतची सलग ११ ग्रँड स्लॅम या दोघांनीच वाटून घेतली होती. २००८ मध्ये मेलबर्नला जोकोविच पहिले विजेतेपद घेऊन आला तो तिसरा, आगंतुक म्हणून. २०१९ च्या त्या अंतिम सामन्यात सारे स्टेडियम ‘रॉजर, रॉजर’ असा घोष करत होते, तेव्हा तो घोष आपण ‘नोव्हाक’ असा ऐकत होतो, असे त्याने सामन्यानंतर सांगितले. चौदा वर्षांच्या मुलीला, जिच्या घरातसुद्धा समोरच्या बाजूचाच घोष चालतो, हा खेळाडू जवळचा वाटला तर त्यात नवल नाही. तिला जोकोविचमध्ये नेमके काय दिसते, हे तुम्ही तिला कधी विचारलेत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

आता स्वभावाची भीती. जोकोविचचे वागणे नेहमीच निर्दोष होते असे मी म्हणणार नाही आणि तुमच्या मुलीनेही म्हणू नये. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये त्याने रागाने मागे मारलेला चेंडू एका महिला रेषापंचाच्या गळ्याला लागला आणि त्याला स्पर्धेतून बाद करण्यात आले. तो निर्णय योग्य होता, आणि त्याने नंतर जाहीर माफीही मागितली. पण फेडररविषयीही तुम्ही तितकेच खरे सांगायला हवे. किशोरवयात तो कमालीचा तापट होता, रॅकेट फेकत असे, आणि तो संयम त्याने विशीत प्रयत्नपूर्वक कमावला. २००९ मध्ये मायामीच्या उपांत्य सामन्यात त्यानेही कोर्टवर रॅकेट आपटून मोडली होती, आणि समोर जोकोविच होता. बर्फासारखा थंड म्हणून ओळखला गेलेला ब्योर्न बोर्ग लहानपणी इतका चिडखोर होता, की त्याच्या क्लबने त्याला काही काळ खेळायला बंदी केली होती. उलट पंचांशी वाद घालण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला जॉन मॅकेन्रो बोर्गसमोर मात्र आदराने वागायचा. १९८० च्या विम्बल्डन अंतिम सामन्यातला चौथ्या सेटचा टायब्रेकर त्याने १८-१६ असा जिंकला, सामना पाचव्या सेटमध्ये गमावला, पण त्या सामन्यात त्याने गोंधळ घातला नाही. टीव्हीवर दिसणारा स्वभाव हा माणसाचा एक तुकडा असतो, आणि तोही काळानुसार बदलतो.

राहिला प्रश्न चाहत्याने तो स्वभाव उचलण्याचा. आपल्याच मातीतले एक उदाहरण तुम्हाला आठवत असेल. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढणारा सचिन तेंडुलकर लहानपणी मॅकेन्रोचा निस्सीम चाहता होता, त्याच्यासारखे केस वाढवून कपाळाला पट्टी बांधून मिरवत असे. मॅकेन्रोचे पंचांशी वाद त्या वेळी जगभर गाजत होते. पुढे त्याच मुलाने २४ वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले आणि पंचांच्या चुकीच्या निर्णयावरही तो मुकाट्याने मैदानाबाहेर गेला. मुले आवडत्या खेळाडूकडून काय घेतात हे घरातली माणसे बाद दिल्यावर, हरल्यावर, चिडल्यावर कशी वागतात यावर जास्त अवलंबून असते. सचिनच्या घरात वडील रमेश तेंडुलकरांसारखे शांत, कवी मनाचे प्राध्यापक होते. तुमच्या मुलीच्या घरात तुम्ही आहात, आणि तिचा स्वभाव बेलग्रेडपेक्षा सांगलीत जास्त घडणार आहे.

बॅकहँडच्या बाबतीत माझे मत अगदी ठाम आहे: निर्णय प्रशिक्षकांचा आणि मुलीचा असावा. एकहाती बॅकहँड डोळ्यांना सुखावतो, लांबचा चेंडू त्याने सहज गाठता येतो, स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेला फटका) आणि व्हॉली (टप्पा पडण्याआधी मारलेला फटका) यांसाठी मनगट तयार होते. पण खांद्याच्या वर उसळणारा चेंडू एका हाताने दाबणे फार अवघड असते, आणि आजच्या टेनिसमध्ये चेंडू तिथेच येतो. वाढत्या वयातल्या मुलीच्या एका हातावर त्याचा भार किती पडावा, हे रोज समोर उभे राहून पाहणाऱ्यालाच नीट ठरवता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या क्रमवारीत पहिल्या दहांत एकहाती बॅकहँडचा एकही खेळाडू उरला नव्हता. १९७३ मध्ये ही क्रमवारी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. एकहाती बॅकहँडवर मुलींना मोठे होताच येत नाही, असे मात्र नाही. जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या जस्टिन हेनिनने त्याच फटक्यावर सात ग्रँड स्लॅम जिंकली. तेव्हा प्रशिक्षकांना एवढेच विचारा, की दुहाती शिकताना तिचा एकहाती स्लाइस तसाच ठेवता येईल का. बहुतेक ते होकार देतील, कारण दुहाती खेळणाऱ्यांनाही तो लागतोच. तुम्ही शिकवलेल्यातला तो भाग तिच्या हातात राहील. शिवाय फेडररनेही आपला बॅकहँड आहे तसा जपून ठेवला नव्हता. २०१४ मध्ये त्याने ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ ची घेतली, आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात, सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर, पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे पडूनही, त्याच बॅकहँडच्या सपाट, धाडसी फटक्यांनी त्याने नदालला हरवले. ज्या खेळाडूवर तुमचे इतके प्रेम आहे त्याने पस्तिशीत आपली सवय बदलली होती.

पुन्हा एकत्र सामना पाहायला सुरुवात कशी करायची, याबद्दल एक सुचवते. माफीनंतर लगेच एखादा चालू सामना लावू नका, कारण चालू सामन्यात निकालाची धास्ती असते. २०१९ चा तो अंतिम सामना दोन-तीन संध्याकाळी मिळून पाहा. तुम्ही पूर्ण एक सेट फक्त जोकोविचकडे बघा, चेंडूकडेसुद्धा नाही: फेडररचा चेंडू वर उडताच त्याचे पाय कधी सुटतात, तो कोणत्या बाजूला झुकतो, फटका मारल्यावर किती पावलांत मधोमध परत येतो. तिने त्याच वेळी फक्त फेडररकडे बघावे. सेट संपल्यावर तिने तुम्हाला फेडररविषयी सांगावे आणि तुम्ही तिला जोकोविचविषयी. दुसऱ्याच्या खेळाडूचे वर्णन करताना बोलणे आपोआप नेमके होते, कारण चूक झाली तर ऐकणारा लगेच पकडतो. आणि जमेल तेव्हा तिला प्रत्यक्ष सामना दाखवायला न्या. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर २०२४ आणि २०२५ मध्ये महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तशी स्पर्धा पुन्हा जवळपास आली, तर कोर्टच्या कडेला बसून चेंडूचा जो वेग आणि जो आवाज कळतो तो टीव्हीवर कळत नाही. तिथे तुमचा किंवा तिचा, दोघांपैकी कोणाचाच खेळाडू नसेल, हे सध्या तुमच्यासाठी चांगलेच आहे.

ता. क. तुमच्या आईंना सांगा, की नदाल लहानपणी फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही दोन हातांनी मारत असे. पुढे त्याचे काका आणि प्रशिक्षक टोनी यांच्या देखरेखीखाली फोरहँड एका हाताने मारायची वेळ आली, तेव्हा तो डाव्या हातावर स्थिरावला, आणि लिहिण्यासाठी उजवा तसाच राहिला. पॅरिसच्या लाल मातीवर डावखुऱ्या फोरहँडचा त्याचा तिरका टॉपस्पिन फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याच्याही वर उसळत असे, आणि फ्रेंच ओपनमध्ये फेडररला त्याच्यावर एकदाही विजय मिळवता आला नाही. त्यांच्या नातीच्या प्रशिक्षकांना नेमकी याच चेंडूची काळजी आहे, हेही आईंना सांगा.